बी टाकण्याआधी कुंपण : रोही, काळवीट व सशापासून परसबागेचे रक्षण



उसाची लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या, खतांच्या मात्रा यांवर आपण या पानांतून नेहमीच वाचता. आजचा विषय त्या मानाने लहान, पण घराघरातला आहे. मळ्यातल्या घराजवळ किंवा गावाच्या कडेला, सांदवाडीत, आपण भाजीचे चार वाफे करतो. वांगी, भेंडी, चवळी, पालक, मेथी, सांबार, एखादा वालाचा मांडव आणि कडेला दोन-चार झाडे. जागा असते गुंठाभर, पण घरची रोजची भाजी तिच्यावर निघते. बहुतेक घरी ही बाग बाईमाणसाच्या हातची असते. भांड्यांचे पाणी, न्हाणीचे पाणी वळवून ती उभी केलेली असते. आणि एका रात्रीत ती साफ होते. सकाळी उठून पाहावे तो भेंडीचे शेंडे गेलेले, पालकाचा वाफा खुरडलेला, चवळीचे नुसते दांडे राहिलेले.

"काय सांगू भाऊ, जाग्यावर कायीच नाई ठेवलं," ही तक्रार अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत कोणत्याही गावी ऐकू येते. उत्तरेला मेळघाटचे जंगल, नरनाळा, वान, दक्षिणेला काटेपूर्णा, अमरावती शहराला लागून पोहरा-मालखेडचे रान, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातले सपाट काळे रान. १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग असलेल्या आजच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे खास काळविटांसाठी अभयारण्य राखलेले आहे. म्हणजे ही जनावरे आपल्याकडे पाहुणी नव्हेत, इथलीच आहेत. ती जाणार नाहीत आणि आपणही जाणार नाही. प्रश्न एवढाच, की गुंठाभर जागा त्यांच्यापासून कशी राखावी.

सगळे वावर राखणे खर्चाचे काम आहे. गुंठाभर बाग राखणे मात्र बेताच्या खर्चात जमते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : कोण येते ते ओळखणे, त्याच्या मापाचे कुंपण करणे आणि ते बी टाकण्याआधी पुरे करणे. या तीन गोष्टी राहिल्या, की मग राग येतो, आणि रागाच्या भरात तारेत करंट सोडण्याची बुद्धी होते. त्याचे परिणाम पुढे सांगितले आहेत.

कोण येऊन गेले?

आधी चोर ओळखावा, मग कुलूप घ्यावे. सकाळी बागेत पाय ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : कापलेला दांडा, पावलांचे ठसे आणि लेंड्या.

सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार पुढचे दात असतात. त्याने कुरतडलेला दांडा चाकूने तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ दिसतो. नुकसान जमिनीपासून दीड-दोन फुटांच्या आत असते. लेंड्या गोल, थोड्या चपट्या, वाळल्यावर गवताच्या भुशासारख्या भुगा होणाऱ्या.

रोही, काळवीट, चितळ ही रवंथ करणारी जनावरे. त्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती पाला जिभेने व ओठाने धरून ओढतात, म्हणून तुटलेला शेंडा फाटका, दोरे निघालेला दिसतो. काळविटाचा खूर लहान आणि पुढे टोकदार. रोह्याचा खूर मोठा, वासराच्या खुराएवढा. रोह्याची आणखी एक खूण म्हणजे तो वारंवार एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो. बागेच्या जवळपास असा ढीग दिसला, तर रोही वाट चुकून आलेला नाही, तो त्याचा रोजचा रस्ता आहे असे समजावे.

एक सावधगिरी. शेळीलाही वरचे पुढचे दात नसतात. तिने खाल्लेला शेंडाही फाटकाच दिसतो. तेव्हा रोह्याच्या नावाने ओरडण्यापूर्वी शेजारचा बोकड रात्री कुठे होता याची चौकशी करावी!

आणि जमीन नाकाने उकरलेली, वाफा नांगरल्यासारखा उलथलेला दिसला तर ते काम रानडुकराचे. त्याच्यासाठी कुंपणाचा खालचा भाग अधिक भक्कम लागतो.

जनावरांची थोडी ओळख

रोह्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात, पण तो गाईच्या जातीचा नाही आणि खऱ्या अर्थाने हरीणही नाही. ज्यांची शिंगे भरीव असतात, दरवर्षी गळून नवी येतात ते सारंग. चितळ व सांबर यांत मोडतात. ज्यांची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात ते कुरंग. रोही आणि काळवीट हे दोघेही कुरंग. रोही खांद्याशी चार ते पाच फूट उंच भरतो आणि मोठ्या नराचे वजन दोनशे किलोच्या वर जाते. काळवीट खांद्याशी सुमारे अडीच फूट, वजनाने पस्तीस-चाळीस किलोच्या आसपास.

आता नीट ध्यानात घेण्याची गोष्ट. काळविटाला उंच उडी मारता येते हे आपण माळावर पाहतोच. पण कुंपण समोर आले, की ते सहसा उडी मारत नाही. खालून किंवा तारांमधून शिरायला वाट शोधते. एवढा मोठा रोही, पण तोही बहुधा तेच करतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या मोठ्या कुरणांत आपल्याकडचे काळवीट आणि रोही नेऊन सोडले गेले, तिथेही त्यांची हीच खोड दिसून आली. म्हणून "सहा फूट उंच केलं तरी येतातच" असे कोणी म्हणाले, तर वर पाहू नये, खाली वाकून पाहावे. जाळी आणि जमीन यांत वीतभर फट सापडेल.

सशाचा धडा : ऑस्ट्रेलियाची गोष्ट

सशावर कुंपण घालण्याचा जगातला सर्वांत मोठा खटाटोप ऑस्ट्रेलियात झाला. १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणवलेले सुमारे दोन डझन ससे रानात सोडले. त्यांची प्रजा इतकी वाढली, की पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९०१ ते १९०७ या काळात एकंदर तीन हजार किलोमीटरांहून लांब जाळीचे कुंपण उभारले. पण पहिली ओळ पुरी होण्याआधीच ससे तिच्या पलीकडे जाऊन पोचले होते. म्हणून मागे दुसरी ओळ घालावी लागली. कुंपण चांगले होते, उशीर झाला होता.

आपल्याला यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत.

पहिली : कुंपण आधी, बी नंतर. जनावराला एकदा आतल्या भाजीची चव कळली, की ते कुंपणाला धडका देते, फट शोधते, पुन्हा पुन्हा येते. चव लागण्याआधीच अडथळा असला तर ते बहुधा वाट बदलते.

दुसरी : त्यांचा ससा आणि आपला ससा वेगळे. ऑस्ट्रेलियातला ससा बिळे खोदून वस्ती करणारा, म्हणून त्यांना जाळी जमिनीत गाडावी लागली. आपला रानससा सहसा बीळ खोदत नाही. दिवसा गवताच्या बुडख्यात, झुडपाखाली अंग चोरून बसतो आणि रात्री चरतो. त्याची पिल्लेही अंगावर केस घेऊन, डोळे उघडे असतानाच जन्मतात. म्हणून आपल्याला खोल चर खणण्याची गरज नाही. फट ठेवायची नाही, एवढेच पाळायचे.

एका गुंठ्याचे कुंपण : खालून वर

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. जागा चौरस घेतली तर ३३ फूट बाय ३३ फूट, आणि भोवतालचा घेर १३२ फूट. हाच गुंठा ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब घेतला तर घेर २२० फूट होतो. जागा तेवढीच, जाळी मात्र ८८ फूट जास्त. म्हणून होता होईल तो बाग चौरस आखावी.

खांब : प्रत्येक बाजूचे चार सारखे भाग केले तर सव्वाआठ फुटांवर एक याप्रमाणे एकंदर १६ खांब लागतात. लोखंडी अँगल, सिमेंटचे खांब किंवा लाकडी बल्ल्या, जे घरी असेल ते चालेल. लाकूड असल्यास जमिनीत जाणारा भाग आणि वर वीतभर डांबर लावावे, नाहीतर उधई दोन पावसाळ्यांत खांब खाऊन टाकते. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब हलून कलतात. यासाठी खड्डा किमान दोन फूट घ्यावा आणि काढलेली काळी माती परत न भरता मुरूम व दगड घालून ठोकून घ्यावे. चारही कोपऱ्यांच्या खांबांना आतून तिरपे टेकू द्यावेत. सगळा ताण कोपऱ्यांवर येतो.

खालचा भाग, सशासाठी : चार फूट रुंदीची, एक इंच छिद्राची कोंबडी-जाळी घ्यावी. त्यांपैकी तीन फूट उभी बांधावी आणि खालचा एक फूट काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूने जमिनीवर पसरावा. त्यावर माती व दगड टाकावेत. ससा किंवा दुसरे उकरणारे जनावर जाळीच्या मुळाशी येऊन उकरते. तिथे त्याच्याच पायाखाली जाळी असली की उकरणे थांबते. वाकवलेला भाग आतल्या बाजूला घेतला तर हा उपयोग होत नाही. रानडुकराचा त्रास असेल तिथे ही पातळ जाळी पुरत नाही. बाहेरून जाड तारेची जाळी लावून बुडाशी मोठ्या दगडांची ओळ द्यावी.

वरचा भाग, काळवीट व रोह्यासाठी : तीन फुटांच्या वर सात फुटांपर्यंत नऊ-नऊ इंचांवर पाच तारा ओढाव्यात. एका गुंठ्याला ६६० फूट तार लागेल. तार जस्ताचा मुलामा दिलेली, बिनकाट्याची घ्यावी. खारपाणपट्ट्यातल्या सभासदांनी तर साधी तार घेऊच नये, लवकर गंजते. काटेरी तारेने रोह्यासारखे जनावर थांबत नाही, मात्र फाटते. जखमी जनावर आणि तुटलेले कुंपण अशी दोन्ही दुखणी मागे राहतात. त्यापेक्षा तारांवर हात-दीड हातावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधाव्यात. रात्री जनावराला तार दिसत नाही, म्हणून ते पळत येऊन धडकते. पट्टी दिसली की थबकते.

आतली वाट : कुंपणाच्या आत चारी बाजूंनी तीन फूट जागा मोकळी सोडावी. यामुळे लागवडीला २७ फूट बाय २७ फूट, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश जागा उरते. "एवढी जागा वाया?" असे वाटेल. पण रोही कुंपणावरून मान आत घालतो, आणि त्याच्या मानेच्या टप्प्यात असलेली भाजी आपली नव्हे. शिवाय त्या वाटेने रोज फेरी मारता येते. याच कारणाने दोडका, वाल असले वेल कुंपणावर चढवू नयेत. ते बाहेरच्याला आवतण दिल्यासारखे होते. वेलांचा मांडव मधोमध घालावा. त्याचा दुसरा फायदा असा, की आत उडी टाकायला मोकळी जागा दिसत नाही. हरीणजातीला उंच उडी मारता येते आणि लांबही; पण एकाच उडीत उंची आणि लांबी दोन्ही साधणे अवघड जाते. आत पाय टेकायला जागा दिसली नाही, की ते बाहेरच थांबते. लहान बागेला हा मोठा फायदा आहे.

फाटक : बहुतेक बागा फाटकातून लुटल्या जातात. कुंपण सात फुटांचे आणि फाटक साडेतीन फुटांचे, अशी तऱ्हा अनेक ठिकाणी दिसते. फाटक कुंपणाएवढेच उंच हवे, खाली लाकडी किंवा दगडी उंबरा हवा, आणि ते आपोआप मिटेल असे वजन किंवा दोरी लावावी. हातात कळशी असली की फाटक लावायचे राहतेच.

पाणी निघण्याची जागा : पहिल्या मोठ्या पावसात पाणी जिथून बाहेर जाते, तिथे जाळीखाली घळ पडते. त्या जागी जाळीचा सुटा तुकडा वरून टांगून ठेवावा आणि खाली दगड भरावेत. पाणी जाते, ससा येत नाही.

जाळीला पैसे नसतील तर

जुन्या साड्यांचे कुंपण आपण सर्वांनी पाहिले आहे. काही लोक त्याला हसतात, पण त्यात शहाणपण आहे. पलीकडचे दिसले नाही तर हरीणजात उडी मारायला कचरते. साधी साडी सुमारे १८ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. एक गुंठ्याच्या घेराला एका ओळीला आठ आणि दोन ओळींना सोळा साड्या पुरतात. दोन ओळी एकावर एक बांधल्या तर सात फूट उंची मिळते. खालची कड जमिनीला टेकवून त्यावर दगड ठेवावेत, नाहीतर वाऱ्याने उडून ससा मजेत आत जातो. साडी उन्हाने विरते, वारा फाडतो. एक हंगाम निघाला म्हणजे पुष्कळ झाले. खाली जाळी आणि वर साड्या हा मधला मार्ग बऱ्याच घरांना परवडण्यासारखा आहे.

जुनी मासेमारीची नायलॉन जाळी मात्र वापरू नये. तीत काळविटाची शिंगे अडकतात, धामणीसारखे उंदीर खाणारे साप गुरफटून मरतात.

काट्यांचे कुंपण : बोर आणि बाभळीच्या फांद्या बुंधे आत आणि शेंडे बाहेर करून रचाव्यात व वरून दाबाव्यात. खर्च मेहनतीचाच. पण उधई लागते, पावसाने बसते आणि बुडाशी सशाला वाट राहते. दरवर्षी नवे करण्याची तयारी हवी.

जिवंत कुंपण : करवंद, चिल्हार, सागरगोटी, घायपात यांची लागवड मृगाचा पाऊस झाल्यावर करावी. दोन ओळी, ओळींत नागमोडी पद्धतीने दीड-दोन फुटांवर रोप. दाट व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर साड्या किंवा काट्या लागतीलच. करवंद फळही देते. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. लहान मुले खेळतात तिथे तो लावू नये.

कुंपणातही सहकार

आता सहकाराचा हिशेब पाहा. चार शेजाऱ्यांनी एकेका गुंठ्याला वेगवेगळे कुंपण केले तर एकूण ५२८ फूट जाळी लागते. तेच चार गुंठे एकत्र, ६६ फूट बाय ६६ फूट घेतले तर घेर २६४ फूट. बरोबर निम्मे. खांबही ६४ च्या जागी ३२ लागतात. दोघांनीच एकत्र केले तरी २६४ च्या ऐवजी १९८ फुटांत भागते. आत प्रत्येकाचा वाफा वेगळा, सीमा विटांची किंवा मातीच्या वरंब्याची. फाटक एकच, आणि ते कोणी कोणत्या दिवशी तपासायचे हे ठरवून घ्यावे. ऊस एकेकट्याने गाळता आला नाही म्हणून कारखाने उभे राहिले. भाजीचे कुंपणही त्याच न्यायाने उभे राहू शकते. महिला बचत गटांनी याचा अवश्य विचार करावा.

वास, आवाज आणि बुजगावणी

"कायले एवढा खर्च करता भाऊ? दोन बुजगावणे उभे करा न्!" असे कोणी म्हणेल. बुजगावणे, वाऱ्यावर वाजणारे डबे, चमकणाऱ्या पट्ट्या, रात्रभर चालू ठेवलेला रेडिओ या सर्वांचा उपयोग होतो, पण चार-आठ दिवस. जनावर नवीन गोष्टीला भिते, रोजच्या गोष्टीला नाही. वापरायचेच तर दर दोन-तीन दिवसांनी जागा आणि प्रकार बदलावा.

वासांपैकी कुजलेल्या अंड्याच्या पाण्याचा परिणाम त्यातल्या त्यात बरा होतो. ते कुंपणाच्या कापडी पट्ट्यांवर शिंपडावे, भाजीवर नव्हे. पावसाने धुऊन जाते, पुन्हा शिंपडावे लागते. न्हाव्याकडचे केस कुंपणाच्या कडेने टाकण्याची चाल आहे. त्याने एकट्याने बाग राखली जाईल अशा भरवशावर राहू नये.

फोरेटच्या पुड्या फडक्यात बांधून टांगण्याची पद्धत मात्र ताबडतोब बंद करावी. ते जहाल विष आहे. देशात त्याच्या विक्रीवर आणि वापरावर २०२० सालच्या अखेरीपासून बंदी आहे. ज्या बागेतली मेथी आपली लेकरे खातात, तिथे ते आणणे म्हणजे चोराच्या भीतीने घरालाच आग लावणे.

कोणती भाजी कुठे

कांदा, लसूण, हळद, आले, पुदिना यांच्या वाटेला ही जनावरे सहसा जात नाहीत. ती कडेच्या वाफ्यांत लावावीत. चवळी, पालक, सांबार, कोवळी भेंडी आणि हरभरा ही त्यांच्या आवडीची, ती मधोमध. रब्बीत बागेच्या बाहेरून काटेरी करडईच्या चार-पाच ओळी पेराव्यात. वाढलेली करडई अंगाला टोचते. पण मार्च ते मे या काळात, तूर-हरभरा निघून रान उघडे पडले आणि नाले आटले, की भुकेले जनावर आवड-निवड पाहत नाही. त्या दिवसांत हिरवे आणि ओले असे काय ते आपल्या घरामागेच असते. म्हणून पिकाची निवड ही कुंपणाला जोड आहे, कुंपणाच्या बदल्यात नाही.

बागेला लागून ऊस असेल तर मध्ये दहा फुटांचा पट्टा साफ ठेवावा. पाचटाचे ढीग कुंपणाला टेकवून ठेवू नयेत. रानडुकराला आणि सशाला आडोसा मिळतो, सापालाही. पाचट वाफ्यात आच्छादन म्हणून घालावे, तिथे ते सोने आहे.

नवीन संत्र्याची, लिंबाची किंवा शेवग्याची रोपे बागेबाहेर असतील तर प्रत्येकाला जाळीचे वेगळे पिंजरे करावेत. दीड फूट व्यासाचा आणि तीन फूट उंचीचा पिंजरा सशाला पुरतो. ससा कोवळ्या रोपाची सालही कुरतडतो. रोही शेंडा खातो आणि शिंगे घासून रोप मोडतो, त्यासाठी पिंजऱ्याभोवती बोरीच्या काट्या बांधाव्यात.

करंट नको

आता सर्वांत महत्त्वाचे. खांबावर आकडा टाकून किंवा घरातून वायर आणून कुंपणात वीज सोडू नये. त्या तारेला रोही आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला गडी, शेळीमागे धावणारे पोर, रात्री चुकून बाहेर आलेली घरचीच माय, कोणीही तिला चिकटू शकते. आपल्या विदर्भात अशा तारांनी माणसे गेली आहेत, आणि पुष्कळदा गेलेला माणूस तार लावणाऱ्याच्या घरचा किंवा शेजारचा होता. माणूस दगावला तर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. आकडा टाकणे ही विद्युत कायदा २००३ प्रमाणे वीजचोरीही आहे.

जनावर मेले तरी सुटका नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे विष घालणे, फास लावणे, सापळा लावणे, कुत्रे सोडून पाठलाग करणे आणि यांचा प्रयत्न करणे हेसुद्धा शिकारीतच मोडते. काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आहे. रोही, रानडुक्कर आणि ससा यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. चार जुड्या पालकासाठी घर उघडे पाडणे कोणालाच परवडणारे नाही.

बाजारात सौर कुंपण, म्हणजे ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते मिळते. त्यातून वीज सतत वाहत नाही. क्षणभराचा झटका थांबून थांबून येतो. मोठ्या वावरासाठी प्रमाणित यंत्र घेऊन ते जाणकाराकडून बसवून घेणे योग्य आहे. वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी साहाय्य दिले जाते. चालू नियम वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावेत. त्या मशीनची बॅटरी काढून सरळ घरची लाईन जोडणे हा मात्र वर सांगितलेलाच गुन्हा आहे. गुंठाभर बागेला, जिथे लेकरे दिवसभर ये-जा करतात, जाळीच बरी.

शेतातल्या पिकाचे रोही, हरीण किंवा रानडुकराने नुकसान केल्यास शासनाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्यावा, पंचनामा होईपर्यंत नुकसान झालेले पीक उपटू नये आणि सात-बारा तयार ठेवावा.

कामाचे वेळापत्रक

जानेवारी-फेब्रुवारी : ठसे व लेंड्या पाहून कोण येते ते ठरवावे, शेजाऱ्यांशी बोलून बाग एकत्र करता येते का पाहावे.

अक्षय तृतीयेपर्यंत : खांब व टेकू पुरे करावेत. मुरूम नीट ठोकावा.

मृगापूर्वी : जाळी, तारा, फाटक. हे झाल्याशिवाय बियाण्याची पुडी फोडू नये.

मृगानंतर : जिवंत कुंपणाची लागवड. प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाण्याच्या वाटा पाहाव्यात.

दिवाळीनंतर : गवत वाढून जाळीवर पडले असेल ते कापावे, बाहेरून करडई पेरावी.

मार्च ते मे : जमीन भेगाळते, जाळीखाली फटी पडतात. आठवड्यातून एकदा बाहेरून फेरी मारून जिथे मूठ जाईल तिथे दगड भरावा. मूठ गेली तर उद्या तिथे ससाही वाट करील.

सभासदांचे प्रश्न

*"वांग्याले तर काटे असतात, मंग रोही कायले खाते?"* काटे झाड जुने झाल्यावर बोचतात. रोप कोवळे असताना आणि शेंड्याला ते मऊच असतात. लागवडीनंतरचा पहिला महिना जपावे.

*"कुत्रा बांधला तर चालते का?"* अंगणात बांधलेला कुत्रा भुंकून जागे करतो, एवढा उपयोग चांगला. मोकळा सोडून सशामागे किंवा काळविटामागे लावू नये.

*"बागेत सशाचं पिल्लू भेटलं तर काय करावं?"* तसेच राहू द्यावे. आई दिवसा पिल्लापासून दूर राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. ते अनाथ नसते. घरी आणून पाळणे कायद्याला धरून नाही, आणि रानसशाचे पिल्लू घरी क्वचितच जगते. एक रात्र फाटक उघडे ठेवावे लागले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी ते आत कुठून आले ती फट शोधून बुजवावी.

सभासदांना कुंपणाच्या मापाविषयी किंवा एकत्रित बागेविषयी काही विचारायचे असल्यास आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला भेटावे. जागेचे माप फुटांत लिहून आणावे, म्हणजे जाळी, तार आणि खांब यांचा हिशेब तिथल्या तिथे करून देता येईल.